मारितचे गुडघे

आंतिग्वा,
ईस्टरनंतरचा सोमवार

ती. एमेतेरिया ताईस धाकट्या कांदेलारियाचा नमस्कार. मरियामाता तुझ्या दम्याला उतार देवो आणि दाजींच्या जिभेला लगाम.

बसच्या कंडक्टरबरोबर धाडलेलं सगळं पोचलं: काळा घेवडा, सुकी मिरची, वेलची आणि मेणबत्त्या. कंडक्टरने पाच केत्साल मागितले, मी तीन दिले (आणि पेलाभर कोको पाजला; तो हिशेबात कुठे मांडावा हे अजून ठरलेलं नाही).

यंदा भाषेच्या शाळेने माझ्याकडे नॉर्वेची मुलगी राहायला दिली आहे. नाव मारित. आपली स्पॅनिश शिकायला आली आहे. उंची अशी की आमच्या प्रत्येक दारातून वाकूनच जाते, आणि न्हाणीघरातला फवारा तिच्या खांद्यापर्यंतच पोचतो (डोकं ती अंगणातल्या हौदावर गार पाण्याने धुते, तेवढीच विजेची बचत). जेवते दोन माणसांचं, शाळा पैसे देते एका माणसाचे. देवावर आपला विश्वास नाही हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, आपण तिखट खात नाही असं एखाद्याने नम्रपणे सांगावं तसं. मी म्हटलं, बरं, घेवडा तरी खातेस ना.

आता माझा नवस तुला ठाऊकच आहे. विल्मार तान्हा असताना तापाने निपचित पडला, तेव्हा मी मातेला बोलले होते की दर पवित्र शुक्रवारी तुझ्या पालखीला खांदा देईन, फक्त माझं पोर सांभाळ. आजवर एक वर्ष चुकलं नाही. आता पोर घाटात ट्रक चालवतं, ब्रेक असे की त्याचा स्वतःचाही त्यांच्यावर भरवसा नाही. आणि यंदा ऐन उपासाच्या दिवसांत माझा उजवा गुडघा पपईसारखा सुजला. डॉक्टर म्हणाले, पालखी सोडा, बादलीसुद्धा उचलायची नाही. मी स्वयंपाकघरात रडत बसले. मारितने विचारलं तर म्हटलं, कांदा चिरतेय. तिने इकडेतिकडे पाहिलं, कांदा कुठेच नव्हता. मग सगळं सांगावं लागलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, माझ्याकडे विश्वास नाही, पण खांदा आहे."

शुक्रवारी तिला माझा काळा झगा घातला. तो गुडघ्यापाशीच संपला, म्हणून खाली शेजारच्या ओब्दुलियाबाईंचा मयतीच्या वेळचा काळा टेबलक्लॉथ जोडला. कोपऱ्यावर खांद्याच्या पाळीच्या चिठ्ठ्या तपासणाऱ्या बाईंनी माझं नाव वाचलं, मान वर केली, आणखी वर केली, आणि म्हणाल्या, "कांदेलारियाबाई, वर्षभरात बऱ्याच वाढलात." पण तोवर वाजंत्री सुरू झाली होती, तिला तशीच आत ढकलली.

इथेच घोटाळा झाला. चिठ्ठ्या खांद्याची उंची मोजून देतात आणि माझी जागा पडली बुटक्यांच्या रांगेत. पालखी उचलली तशी त्या बाजूचा सगळा भार एकट्या मारितच्या खांद्यावर, आणि बाकीच्या बायका दांड्याखालून, मांडवाखालून चालावं तशा मोकळ्या चाललेल्या. तिच्या मागेच ओब्दुलियाबाई. त्या कुजबुजल्या, म्हणजे निम्म्या गल्लीला ऐकू गेलं: "ए जिराफबाई, सगळं ओझं तूच नेणार, तर आम्ही काय फिरायला आलोय? वर्षभर वाट पाहिली गं. आमचं आम्हाला दे."

मी काठी टेकत कडेने चालले होते. वाटलं, आता हिला बाहेर काढतात आणि माझा नवस अर्ध्या रस्त्यात मोडतो. पण ताई, त्या पोरीने गुडघे वाकवले. पाठ सरळ, मान सरळ, नुसते गुडघे, जणू न दिसणाऱ्या स्टुलावर बसली आहे. दांडा खाली आला आणि एकेकीच्या खांद्यावर टेकला. बायकांचे चेहरे ओझ्याने वाकडे झाले आणि समाधानाने उजळले. तशीच ती वाजंत्रीच्या ठेक्यावर डुलत, छोटी छोटी पावलं टाकत, गल्ली संपेपर्यंत गेली. तोंड बिटासारखं लाल, पण मातेचा मुकुट तसूभर कलला नाही. जन्मभर मी त्या मिरवणुकीत मातेच्या मुखाकडे पाहत आले. यंदा माझी नजर त्या टेबलक्लॉथवरून हलेना.

कोपऱ्यावर दुसऱ्या बायकांनी पालखी घेतली, तर हिला सरळच होता येईना. ओब्दुलियाबाईंनी तिला दंडाला धरून घरी आणली, आणि संध्याकाळी मधात भिजवलेला पाव आणून दिला (ताटली परत मागितली नाही, यावरून काय ते समज).

शनिवारी विल्मार सुखरूप घरी आला. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
कांदेलारिया

ता. क. : पालखीखाली काय मनात होतं, असं मारितला विचारलं. म्हणाली, विश्वास तर नाही, पण इतक्या जवळ जाऊन काहीच न बोलणं उद्धटपणाचं वाटलं, म्हणून तुमच्या गुडघ्याचं सांगून ठेवलं.

आणखी ता. क. : ताई, माझा गुडघा शनिवारपासून दुखत नाही. काल गच्चीवर कपडे वाळत घालून आले. तिचे मात्र दोन्ही सुजले आहेत, जिना बसून उतरते. आता मला सांग, ही सेवा जमा झाली कोणाच्या नावावर? माझ्या, तर प्रश्न मिटला. पण तिच्या नावावर झाली असेल, तर विल्मारचं यंदाचं वर्ष उघडंच राहिलं, आणि वर मी त्या पोरीचे गुडघे घेतले. आमच्या फादरना विचारायची सोय नाही, ते रविवारी प्रवचनात नावासकट सांगतील. तुझ्या कोबानच्या म्हाताऱ्या फादरना विचार, म्हणावं एका ओळखीच्या बाईचं आहे. तोवर मी घरात लंगडतेच आहे. बरी झाले म्हटलं तर मारितला विश्वास ठेवावा लागेल, आणि तिची परीक्षा आठवड्यावर आली आहे. तेव्हा बसच्या परतीच्या फेरीनेच उत्तर धाड. लंगडून लंगडून आता माझा डावा पाय दुखायला लागला आहे.