बर्ड वॉकआधीची फवारणी

३ एप्रिल
आजपासून नियमित डायरी. सोसायटीचा चेअरमन म्हणजे इतिहासाला उत्तर द्यावं लागतं. तेरा तारखेला, रविवारी, आपल्या सोसायटीत बर्ड वॉक! वारज्यातल्या बाकी सोसायट्या बघत बसतील. पक्षी रग्गड. आमच्याच स्वयंपाकघराबाहेर, जुन्या पाइपात दयाळ पक्ष्याचं घरटं. आत पिल्लं. बायको, रुपाली, सकाळी आधी त्यांची चौकशी करते, मग माझा चहा.

४ एप्रिल
मागच्या झाडांवरून सुरवंट पडतात. आज एक शेजारच्या तरन्नुमताईंच्या मानेवर. म्हणाल्या, पाहुण्यांना पक्षी दाखवणार की खाज? बोलायला काय जातं! ड्रोनने औषध फवारून टाकतो. मीटिंग नको, चर्चेने कामं अडतात.

७ एप्रिल
रुपाली माहेरी, सदाशिव पेठेत. तिला सरप्राइज.
फवारणी झक्कास. ड्रोनवाल्या बिलालने विचारलं, जवळपास घरटी आहेत का? म्हटलं, तू उडव रे, पक्ष्यांना सगळं कळतं.
संध्याकाळी सुरवंट टपाटप खाली. दयाळ जोडी चोची भरभरून पिल्लांना नेतेय. फुकट होम डिलिव्हरी! पक्ष्यांसाठी एवढं कोण करतं?

९ एप्रिल
पिल्लं एकदम गप्प. शिस्त लागली. मादी तुळशीच्या कुंडीत आडवी पडलेली. ऊन फार आहे यंदा. वर माती ढकलली.

१० एप्रिल
रुपाली परतली. बॅग खाली न ठेवताच पाइपाकडे. म्हटलं, उडून गेली असतील. तिने ओंजळ माझ्यासमोर धरली. पिसंसुद्धा धड फुटली नव्हती.
चहा नाही.

१३ एप्रिल
बर्ड वॉक. पक्षी शून्य. पण चेअरमन कोण आहे! झुडपामागे ब्लूटूथ स्पीकर, त्यावर दयाळाची शीळ. आणि काय सांगू, उरलेला नर थेट स्पीकरवर येऊन बसला! पुढून बघतोय, मागून बघतोय. टाळ्याच टाळ्या. रुपाली म्हणाली, अहो, बंद करा ते, तो तिला शोधतोय. कसं करणार? पाहुणे होते.

२८ एप्रिल
सुरवंट परत, आधीपेक्षा जास्त. तरन्नुमताई म्हणाल्या, चेअरमनसाहेब, खाणारे संपवलेत, आता तुम्हीच खा. सभासदांनी माझ्या राजीनाम्यासाठी मीटिंग लावलीय. कृतघ्न लेकाचे. पाठ खाजतेय.
रुपाली स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघतसुद्धा नाही. तिच्यासाठी आज पहाटे स्पीकर तिथे लावला. शीळ पुन्हा पुन्हा वाजवली. तो आला नाही.
आवाज कमी पडला असेल. उद्या वाढवून बघतो.