गोल खिडकीतून दिसणारं छप्पर

जहाजावरून, सान क्रिस्तोबाल बेट

लाडकी एन्रिकेता,

कॉन्व्हेंटला निघताना आई आपले केस ओले करून विंचरायची आणि तू भोकाड पसरायचीस, ते सकाळपासून आठवतंय.

डॉक्टरांनी आईची आशा सोडल्याचा तुझा निरोप मिळाला. मी बरी आहे. प्रवासी निळ्या पायांचे पक्षी पाहून खूश आहेत. जहाजाच्या स्वयंपाकघरातून आपलं छप्पर दिसतं. आईला भेटून येते म्हटलं, तर कप्तान म्हणाला, "सोइलाबाई, मग सोळा जणांचं सूप काय समुद्रसिंह ढवळतील?" संध्याकाळी आम्ही निघू, ते आठ दिवसांनी परतू.

ती काही खाते का?

होडीवाल्या विसेंतेबरोबर सामान देतेय. संत्री पाठवली असती, पण बेटावर फळं उतरवू देत नाहीत. गोळ्या मुलांना दे, जपमाळ तुला. शाल आईला पांघरव आणि मी येईपर्यंत काही झालंच, तर ती काढून घेऊ नकोस.

तुझी सोइला