पाचवीचा कागद

शेणवा, दसऱ्यानंतरचा मंगळवार, सन १९४३

प्रिय गिरजा,

तुझी चिठ्ठी पोचली. "राही बरी आहे, जेवतेखाते, काळजी नको." मी ती तीनदा वाचली, मग उलटी करून मागची बाजूही बघितली. अगो, सख्ख्या बहिणीला दोन महिन्यांनी लिहायचं तर तुला एवढंच सुचलं? लहानपणापासून काही लपवायचं असलं की तू अशीच मोठी मोठी अक्षरं काढून जागा भरतेस. तेव्हा माझ्या पोरीने तुला सगळं सांगितलंय आणि तू तिच्या बाजूची झालीस, असा माझा संशय आहे. सांगितलं नसेल तर आता मी सांगते, वाच आणि चुलीत घाल. पाकीट मी भाताच्या शितांनी चिकटवून सांध्यावर काजळाची रेघ ओढलीय. रेघ मोडलेली दिसली तर वाटेत कुणीतरी वाचलंय असं समज आणि मला लगेच कळव. पोरीला सुखरूप घरी कशी आणायची, या एका घोरात मी आहे, आणि ही गोष्ट तिसऱ्याच्या कानावर गेली तर ती कधीच येऊ शकणार नाही.

आणि हो, गावात मी सांगितलंय की तुझा पाय मोडलाय म्हणून राही तुझ्याकडे राहिलीय. गेल्या बाजाराला आमच्या शेजारच्या धाऊने तुला मुरबाडात डोक्यावर पाटी घेऊन ताठ चालताना पाहिलं. घरी येऊन मला विचारतो, काय गो वहिनी, तुमच्या बहिणीचा पाय लय लवकर सांधला. मी म्हटलं, माझी बहीण सोसणारी आहे. पण तो ज्या तऱ्हेने हसला ते मला आवडलं नाही. निदान बाजाराच्या दिवशी तरी लंगडत जा.

माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली ती चैत्रात. सासूबाई गेल्यापासून गावची सुईण मीच. बाळंतिणीच्या घरी पाचवी पुजायची ती मीच मांडते. पाटा-वरवंटा, हळद-कुंकू, शेजारी दौत, बोरू आणि कोरा कागद. रात्री सटवाई येणार, पोराचं नशीब लिहून जाणार. लढाई लागल्यापासून शहापूरच्या दुकानात कागद नावालाही मिळत नाही. तुझे भावोजी कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर, ते शनिवारी येताना एका बाजूला लिहिलेले जुने कागद घेऊन येतात. सटवाईला एक बाजू पुरते. मी ते लग्नातल्या लुगड्याच्या घडीत ठेवते. चैत्रात बघते तर दोन कागद कमी. आणि राहीच्या उजव्या हाताची बोटं काळी.

मुलीला पंधरावं लागलेलं, दुपारची भांडी घासून ती ओढ्यावर जायची आणि तासभर यायची नाही, आणि घरातले कागद जातायत. तू असतीस तर काय समजली असतीस? मला वाटलं, कुणाला तरी चिठ्ठ्या लिहिते. आबा शाळेत शिपाई होते म्हणून आपण दोघी मागच्या खिडकीशी बसून चार यत्ता शिकलो, आणि तेवढं मी हौसेने राहीला शिकवलं होतं. आता वाटायला लागलं, पोरीच्या हातात आपणच आगकाडी दिली. मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले. शाळेतले नवे मास्तर वाटेत भेटले की ती मान खाली घालायची. मला वाटलं, यात काहीतरी आहे. एकदा तिने मान वर केली, तेव्हा तर माझी खात्रीच झाली. तिचे केस हुंगले, उशी उसवून पाहिली, दोन ठिकाणी विचारपूस केली. शेवटी एका दुपारी तिच्या मागे मागे ओढ्यावर गेले. तिथे ना मास्तर ना कुणी. ही एकटी खडकावर बसून कोळशाने चित्रं काढत होती. भात सडणाऱ्या बाया, कोंबडी, आपली पांढरी गाय. काढायची, मान तिरकी करून बघायची आणि ओंजळीने पाणी टाकून पुसायची. मी झाडामागून तशीच परत आले. मास्तर सुटले, पण कागद कुठे गेले ते काही कळलं नाही.

ते वैशाखात कळलं. गावातल्या लहानीला तिसरी मुलगी झाली. तिची सासू सकुबाई पाच दिवस पोरीकडे फिरकली नव्हती, उंबऱ्याबाहेर पाठ करून बसायची. राही माझ्याबरोबर पाणी तापवायला, धुणं काढायला यायची, पाचवीच्या रात्री तिथेच राहायची. पाचवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मांडलेलं उचलायला गेले तर कागदावर चित्र. एक मुलगी गाडीवर उभी आहे, हातात दोन बैलांचा कासरा, आणि बैल ऐटीत चाललेत. बाया गोळा झाल्या. सटवाई लिहिते ते माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही असं आपण ऐकत आलो, आणि इथे ते समोर दिसत होतं. सकुबाईने पाहिलं, आणि जी पोरीचं तोंड बघत नव्हती तिने पोर मांडीवर घेतली आणि ढसाढसा रडली. म्हणते, बाय माझी गाडी हाकनार, बाय माझी कुणाला भिनार नाय.

मी बैलांची शिंगं बघत होते. बैलाच्या कानातून शिंगं फुटल्यासारखी काढणारी सबंध तालुक्यात एकच आहे. चैत्रातले दोन कागद तिने बोरूवर हात बसवायला नेले होते, तेही तेव्हाच उमगलं. तेव्हाच बोलले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण सकुबाईच्या मांडीवर ते पोर पहिल्यांदा शांत झोपलं होतं. मी पदर पसरला आणि कागदाला नमस्कार केला. सगळ्यांच्या आधी मीच केला, गिरजा. माझ्या मागे राही उभी होती. तिच्याकडे वळून बघायची मला छाती झाली नाही.

मग जिवलीच्या मुलीचा कागद, मग आणखी एकीचा. म्हाताऱ्या डुलक्या घेत असताना ती कधी काढायची कोण जाणे. आटगावहून एक बाई आपली सून बाळंतपणाला आमच्या गावात घेऊन आली, इथे सटवाई उघड बोलते म्हणून. बाया माझ्या ओट्यावर येऊन बसायच्या, मानाने विचारायच्या. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायला लागलं होतं. रोज ठरवायची की आज हिला बोलायचं, आणि रोज दुसरं काहीतरी बोलायची.

आषाढात ठकीला मुलगा झाला. त्याच्या कागदावर राहीने नदी काढली, नदीत गळ्याइतक्या पाण्यात पोर आणि भोवती मासे. तिच्या मनात एवढंच की पोर मजेत पोहतंय. पण घरच्यांना वाटलं, पोराचं मरण पाण्यात लिहिलंय. त्यांनी त्याला आंघोळ घालायची बंद केली. अंगाला पाण्याचा थेंब लागू देईनात. श्रावणात पोर तापाने फणफणलं, अंगभर पुरळ, आणि मग लखमा भगताला बोलावलं. लखमा तसा वाईट माणूस नाही. गावची पोरं जगावीत असं त्यालाही वाटतं, म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते. त्याने कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला, आणि म्हणाला, ही सटवाय नाय. हा बाईचा हात हाय. जित्या बाईचा. जिचा आसंल ती या पोरावर बसलीय.

आपण परकरात होतो तेव्हा पलीकडच्या पाड्यावरच्या त्या म्हातारीला भुताळी ठरवून काय केलं, तुला आठवतं. आबांनी आपले डोळे झाकले होते, पण कान झाकायला त्यांना हात उरले नव्हते.

घरी आले, दार लावलं आणि राहीला वेणीला धरून विचारलं. मला वाटलं होतं, रडेल, नाही म्हणेल. ती सरळ म्हणाली, आये, मी लहान हाय तवापून तुझ्याबरोबर येते. दर टायमाला सकाळी कागद कोराच आसतो. सटवाय काय लिहीतच नाय. मी मारलं तिला, गिरजा. जन्मात पहिल्यांदा, आणि चांगलं मारलं. तिने हात आडवा केला नाही. दुसऱ्या दिवशी पावसाची उघडीप बघून किन्हवलीपर्यंत जाणाऱ्या गाडीत तिला बसवलं आणि पुढे तुझ्याकडे धाडलं. गाडी वळेपर्यंत मी उभी होते. तिने मागे पाहिलं नाही.

ठकीच्या पोराला मी स्वतः जाऊन कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ घातली. ओरडू दिलं घरच्यांना. आठ दिवसांत ते पोर बरं झालं, आता चांगलं बाळसं धरलंय. मला वाटलं, संपलं. पण राही गेल्यावर दोन पाचव्या झाल्या आणि दोन्ही कागद कोरे राहिले. एक दिवस माझ्याच ओट्यावर सकुबाई हसत म्हणाली, राही गेली न आमची सटवाय बी गेली. बाया हसल्या. लखमा चहा पीत बसला होता, तो हसला नाही. बशी खाली ठेवली आणि मला विचारलं, पोर कवा परत येनार?

रात्रंदिवस विचार करून मी ठरवलं की ती इथे नसताना एक तरी चित्र निघायला हवं. पुढच्या पाचवीला मीच बोरू उचलला. घोडा काढायचा होता. आयुष्यात मी कधी रांगोळीचं फूल धड काढलं नाही. सकाळी घरच्यांनी पाहिलं आणि म्हणाले, सटवाय बोकड मागते. त्यांच्याकडे एकच बोकड होता, तो कापला. मलाही ताट आलं आणि मी गुपचूप जेवले, काय करू. पण लखमाने कागद मागून घेतला. ठकीच्या पोराचा कागद त्याच्याकडे आहेच. दोन्ही शेजारी ठेवून म्हणाला, हा हात येगळा. आता तो दोन बाया शोधतोय, आणि त्यातली एक गावात नाही हे त्याला दिसतंय.

म्हणून हे पत्र लिहिलं. सोबत एका बाजूने कोरे असे सहा कागद ठेवलेत. राहीकडून चित्रं काढून घे. दिवाळीच्या पुढेमागे आमच्याकडे चार बाया मोकळ्या व्हायच्यात. काय होईल ते आधी कळत नाही, म्हणून तीन मुलींची काढ म्हणावं आणि तीन मुलांची. पाणी नको, आग नको, पोर पडेल असं उंच झाड नको. बाकी तिला हवं ते काढू दे आणि शिंगं तिच्या पद्धतीनेच काढू दे. पाचवीला कागद मी मांडते आणि सकाळी मीच उचलते, तेव्हा पुढचं माझ्याकडे लागलं. ती मुरबाडात आहे हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. ती तिकडे असताना तोच हात इथे चार वेळा दिसला की लखमाला तिचं नाव घेता येणार नाही, आणि मग तिला न्यायला मी स्वतः येईन. पुढच्या सोमवारी तुझे भावोजी तुझा पाय बघायला येतील. त्यांना यातलं काही ठाऊक नाही. पायाला चिंधी बांधून बस आणि कागद हळदीच्या पुडक्यात घालून त्यांच्याकडे दे. राहीला एवढंच सांग की तुझ्या आईने चित्रं मागितली आहेत. मी तिला मारलं त्याचं काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही. समोर आल्यावर सुचेल, किंवा नाही सुचणार. आणि हे ऐकून ती जर म्हणाली, नाय काढनार, तर तसंच लिहून पाठव, गिरजा. मला बरं वाटावं म्हणून मोठी अक्षरं काढू नकोस.

तुझीच,
झाडामागे उभी राहणारी थोरली,
बाईजा