तीन ते पाच

१२ जानेवारी
मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं, तेव्हाच ओळखलं की काम अवघड आहे. आमच्या कोळशाच्या वीज केंद्राची परवानगी मार्चअखेर संपते. आणखी दहा वर्षं मिळावीत म्हणून दोन फेब्रुवारीला जनसुनावणी.
"एकोणतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढलीत. लोक तुमचं ऐकतील. चिमणीतून राख बाहेर पडत नाही, एवढंच सांगा."
हो म्हणून आलो. जिभेला हाड नसतं.

१४ जानेवारी
इथे तरी खरं लिहितो. चिमणीआधी राख अडवणारे फिल्टर आहेत – विजेवर चालणारे. मागणी चढली की तीही वीज बाहेर देता यावी म्हणून ते बंद करायचे. हुकूम फोनवर येतो. लॉगबुकात अक्षर नाही. बटण मी दाबतो. सहा वर्षं झाली.

१७ जानेवारी
हिला सांगितलं. कॉलनीच्या शाळेत शिकवते ती. वह्या तपासत होती.
"किती वाजता बंद करता?"
"तीन ते पाच."
"शाळा चारला सुटते."
तिने लाल पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. तिच्या वर्गात सात मुलं खिशात पंप घेऊन येतात – दम्याचा.
केंद्राविरुद्धच्या अर्जावर तिची सही आहे, हेही आजच कळलं. लपवलं नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

२३ जानेवारी
बॉयलरचा फिटर जिन्यात भेटला. काडीसारखा आहे, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणतात. माझ्याबरोबरच लागला होता. माझी घालमेल त्याने हेरली असावी.
"मुलीचं शिक्षण अजून दोन वर्षं आहे. बोलताना माझ्या पोटावर पाय देऊ नकोस."
जिना उतरताना वळून म्हणाला,
"लोकांना पंखा हवा, फ्रीज हवा. धूर तेवढा दुसऱ्याच्या दारात हवा."
खोटं कुठे होतं त्यात? हॉस्पिटलही आमच्याच विजेवर चालतं. इतकी वर्षं संध्याकाळी खिडक्या उजळताना पाहून मला बरं वाटायचं. अजूनही वाटतं. तेच अवघड आहे.

१ फेब्रुवारी
जेवण गेलं नाही. ही म्हणाली, "काय बोलायचं ते मी सांगणार नाही. उद्या मला फक्त शेजारी बसू द्या."

२ फेब्रुवारी
बोललो. साहेबांनी टाईप करून दिलेला कागद घडी घालून खिशात ठेवला. म्हटलं, फिल्टर तीन ते पाच बंद असायचे. हुकूम तोंडी होता, हात माझा होता.
साहेब टेबलाकडे बघत राहिले. पैलवान उठून निघून गेला. मी जागेवर परतलो तर मला माझी खुर्ची सापडेना. हिने हाताला धरून बसवलं.

३ फेब्रुवारी
निलंबित. गेटवर ओळखपत्र काढून घेतलं.

२६ फेब्रुवारी
परवानगी नाकारली. एकतीस मार्चला केंद्र बंद. वाऱ्याची, उन्हाची वीज येणार म्हणतात. यावी. पण कॉलनीत साडेतीनशे घरं आहेत, आणि त्यांच्यासमोरून मी भाजी आणायला जातो. कुणी शिवी देत नाही. दिली असती तर बरं.
पैलवान रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

३० मार्च
पैलवान दारात. दोन महिन्यांनी.
यंदा ऊन फार, नव्या विजेच्या तारा अजून जोडून झालेल्या नाहीत. म्हणून केंद्राला चार महिन्यांची मुदत मिळाली आहे, अट एकच – फिल्टर क्षणभरही बंद राहता कामा नयेत. निलंबन मागे घेतलंय. उद्यापासून दुपारची पाळी.
"साहेबांनी विचारलं, बटणाशी कुणाला बसवू," पैलवान चपलांकडे बघत म्हणाला. "तुझं नाव मीच सांगितलं. दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही मला."