आहे, पण देत नाही

१९ एप्रिल १९८०, बुलढाणा जेल
नववा दिवस. शेजारच्या बराकीतल्या चोरानं विचारलं, "काय केलं बे बुढ्या?" म्हटलं, मंडपाच्या कापडाची उधारी. हसून लोळला! "मी निदान चोरी तरी केली," म्हणे.

मला आत टाकणारा उत्तमराव कापडवाला माझ्या जेवणाचे पैसे कोर्टात भरतो. कायदाच तसा — कोंडणाऱ्यानं पोसायचं. भर म्हणावं! आज दोन भाकरी जास्त मागून घेतल्या. आता पोट दुखतं आहे.

२२ एप्रिल
खोकला. ऊन. कोकिळेचं पत्र नाही. माझी ही नात घरी एकटीच, मोताळ्याला. दाराची कडी लावते की नाही कोण जाणे.

२६ एप्रिल
बीबी गावचे अर्जुनराव आले. त्यांच्या मुलाशी कोकिळेचं ठरलं आहे, साखरपुड्याची साडीही दिली. वाटलं, मोडायलाच आले. पण गडी खूश! "लोकं म्हणतात, तुम्ही पैसा पुरून ठेवला अन् उत्तमरावले ठेंगा दाखवला. असाच ताठ सोयरा पाहिजे मले!"

मी मिशीवर हात फिरवला. काय सांगू? माझ्या मंडपाच्या गोदामाला आग लागली तेव्हा कापड, बत्त्या, खुर्च्या, सगळं गेलं. पुरायला राखच उरली होती. पण बुडवणाऱ्याला लोक मुजरा करतात, अन् कंगालाच्या पोरीला दारात उभं करत नाहीत. वा रे अक्कल!

३० एप्रिल
शेषराव वकील आले. कोर्टानं फुकट दिलेले, कोवळे. आनंदानं फुलून गेले होते. म्हणे जगातल्या देशांनी मिळून करार केला, गेल्या साली आपल्या देशानंही मान्य केला. ज्याची फेडायची ऐपतच नाही, त्याला नुसत्या कर्जापायी तुरुंगात घालायचं नाही. दिल्लीच्या मोठ्या कोर्टानंही नुकतंच तेच धरलं.

"असून देत नाही तोच आत, कडूबा. सोमवारी साहेबांपुढं एवढंच सांगा — माझ्याजवळ काही नाही. संध्याकाळी घरी!"

एवढंच! कोर्टात मोताळ्याचे दहा जण तरी बसलेले असतात. दिवस मावळायच्या आत बीबीला कळेल. जगभरच्या शहाण्यांनी बसून कागद केला — त्यांच्यात एकालाही लग्नाची नात नव्हती?

म्हटलं, "वकीलसाहेब, माह्याजवळ आहे. देत नाही."

"अहो, मग करार तुमच्या काय कामाचा?"

"तेच तर म्हणून राह्यलो!"

कपाळावर हात मारून गेले. मारा!

४ मे
उद्या कोर्ट. तेच सांगणार. आणखी दोन महिने. उलटतपासणीत गडबडलो तर? पैसा कुठं पुरला विचारलं तर? परसात म्हणावं की शेतात? शेत तर नाहीच!

उत्तमरावाच्या भाकरीवर मरण येऊ नये, एवढंच. तो त्याचाही हिशेब मागेल.

५ मे
कोर्टाच्या दारात कोकिळा उभी होती. म्हणाली, "आबा, मीच बीबीले चिठ्ठी धाडली. आगीचं सगळं खरं लिहिलं. काल त्यांचा माणूस साडी परत घेऊन गेला. आता तुम्ही कोणासाठी आत बसता?"

आत गेलो. साहेबांनी विचारलं.

म्हणालो, माह्याजवळ काही नाही.