आंबलाय की उपाशी

१४ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय अक्का,

वाकून नमस्कार. देवाच्या कृपेने इथे सगळे हिंडतेफिरते आहेत, तूही असशील.

तुझ्या भावजयीचा गुडघा आता बरा आहे. निळीचा पाला यंदा झकास आला, चुरडला की बोटांवर डाग सोडणारा. तो भिजवून, घुसळून काढलेली सगळी नीळ आबांच्या रांजणात घातली आहे. कापडावर ठसे मारून झाले. जिथे पांढरं राहायचं तिथे माती-डिंकाचा लेप बसला. कापड रांजणात बुडवायचं तेवढं राहिलंय.

ते का राहिलंय हे लिहायला बसलो, आणि गुडघ्याचं लिहीत सुटलो.

रांजण आजारी आहे. वर तांब्याच्या रंगाची साय धरत नाही. चिंधी बुडवली की हिरवी निघून वाऱ्यावर निळी व्हायची, ती आता मळकट निघते आणि धुतली की रंग जातो. आंबला असेल तर चुना हवा, उपाशी असेल तर कोंडा आणि गूळ. उलटं औषध गेलं तर यंदाचा पाला मातीत. आणि तिकडे कापडावरचा लेप तडकायला लागलाय. त्या फटींतून नीळ शिरली की नक्षीचा चिखल होणार. ओली पोती टाकून कसाबसा धरून ठेवलाय.

तू म्हणशील, मग वास घे की.

काल शेजारचा शिंपी कुंपणावरून ओरडला, "अहो रंगारी, काही मेलंय का तुमच्याकडे? माझं गिऱ्हाईक नाक धरून पळालं!"

"नीळ आहे, अत्तर नाही," मी म्हणालो. तो हसला. तुझी भावजय हसली नाही. तिने झाकण उघडलं.

"घ्या वास. कसा येतोय?"

"नेहमीसारखाच."

"नेहमीसारखा? अहो, मला इथे उभं राहवेना!"

घाण कुणालाही कळते, अक्का. घाणीच्या आत आंबूसपणा आहे की नाही, ते ओळखायला आबांनी दोघांनाच शिकवलं, तुला आणि मला. त्यातला मी आता धरू नकोस. गेल्या वर्षीच्या तापानंतर मला कसलाच वास येत नाही. देवापुढे धूप लावतो तर नुसता धूर दिसतो. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. काल तुझ्या भावजयीला न सांगताच कळलं.

उन्हाळ्यात तू आलीस, अंगणातूनच म्हणालीस, "बाळ्या, हे आंबतंय. तुला कळत नाहीये का?" गिऱ्हाइकं बसली होती. मी म्हणालो, "लग्न होऊन गेलेल्यांनी इथल्या रांजणात नाक खुपसू नये." तू चपला घातल्यास आणि गेलीस.

तुझी पाठ वळल्यावर मी चुना घातला. रांजण वाचला. सगळ्यांना सांगितलं, मीच ओळखलं.

परवा पुन्हा मूठभर चुना घातला, देवाचं नाव घेऊन. तो चुकला की कमी पडला, तेही कळेना. अंदाज आपला आणि नाव देवाचं, ही भक्ती नव्हे, एवढं मात्र कळलं.

फोन लावला होता. तू "कोण?" म्हणालीस आणि माझ्याने बोलवेना. म्हणून हे पत्र. शिंपी तुमच्या बाजूला सूत आणायला येतोय, त्याच्याबरोबर बाटलीत रांजणातलं घोटभर पाणी दिलंय. हुंगून बघ आणि त्याच्याजवळ एकच शब्द सांग, चुना की कोंडा. तोवर मी रांजणाला हात लावणार नाही.

रागावली असलीस तर तो एक शब्दही पुष्कळ झाला. त्याहून जास्त बोलायचं असेल, तर मात्र इथे येऊन बोल. गिऱ्हाइकं बसलेली असतील तेव्हाच ये.

झाकणाशी बसून वाट बघणारा,
तुझा बाळ्या