अडकलेलं बटण

॥ श्री ॥

हिंडलगा,
ता. २४ नोव्हेंबर २०२४

चि. भरमू यास मारुतीरावाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. इकडं सगळं ठीक. तुझी आक्का बरी आहे, तिचा आवाज तर फारच बरा आहे. फोनवर बोललं की दोन मिनिटांत आपलं भांडण लागतं आणि मग ती दोघांनाही फैलावर घेते, म्हणून लिहितो. शिवाय वस्तूच पाठवायची होती. भावकूच्या टेंपोत कोबीच्या पोत्यांवर ओमकारचा कॉम्प्युटर बसवून दिलाय. निपाणीला माल उतरवून भावकू तसाच बोरगावला येईल.

हे यंत्र आता म्हातारं झालं. आमचा हा नातू बेंगळुरूला नोकरीला जाताना मला देऊन गेला, तेव्हाच त्याच्या मते ते भंगार होतं. तुझ्या नादानं मी ट्रकचा खेळ शिकलो, चाक आणि पेडल टेबलाला आवळून घेतलं, आणि आता संध्याकाळी सहाला इंटरनेटवर आपल्या दोघांच्या गाड्या निघाल्या नाहीत तर मला जेवण जात नाही. पण महिना झाला, गाडी घाटात अडखळते. चढ लागला की चित्र थांबतं आणि मग एकदम उडी मारतं. दुसरं दुखणं त्याहून वाईट. समोरून गाडी आली की तिच्या दिव्याभोवती फुलबाजीगत कडं पडतं. रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्या दोन-दोन दिसतात, आणि पाट्या तर चहा सांडल्यागत. ओमकारला विचारलं तर म्हणाला की आजोबा, ग्राफिक कार्ड संपलं, नवं घ्या. नवं केवढ्याला, ते ऐकून मी फोन ठेवला. मिरचीचे पंधरा हजार बाजूला आहेत, त्यातले पाच कॉम्प्युटरच्या डब्यात ठेवलेत. जे काय करायचं ते पंधरात बसव.

आणि घाई आहे. १६ फेब्रुवारीला आपल्या आरोहीचं लग्न, नंदगडला. नातीच्या लग्नाला मी दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीतनं जाणार नाही. ओमकारची कार शेडात उभी आहे, लायसन अजून दीड वर्ष आहे. तुझ्या रुक्माक्काला शेजारी बसवून मी स्वतः चालवत जाणार. पाच वर्षं खऱ्या चाकाला हात नाही, तेवढा सराव ह्या खेळावर करून घेतो.

एक राहिलं. खेळात तू हल्ली कायम माझ्या पुढं असतोस, आणि पार्किंग लाइट लावून, चारी इंडिकेटर वरातीच्या गाडीगत लुकलुकवत जातोस. तेही बैलगाडीच्या चालीनं. तीस वर्षं माझ्या ट्रकवर क्लीनर होतास, हे शिकवलं होतं व्हय मी?

बॉलपेनात हल्ली लई फिक्की शाई भरतात, म्हणून स्केचपेननं लिहिलंय. माया आहे तेवढी टिकव.

मारुतीराव

---

॥ श्री ॥

बोरगाव,
ता. ३० नोव्हेंबर २०२४

ति. दाजींच्या चरणी भरमूचा साष्टांग नमस्कार.

वि. वि. पत्र आणि पेशंट दोन्ही पोचले. पेशंटाबरोबर कोबीचा एक गड्डाही आला होता. तो भावकूचा की तुमचा, हे ठरायच्या आत आमच्या कारभारीण मंगलनं त्याची भाजी केली.

डबा उघडला. दाजी, आत काय होतं सांगू? पंख्याला लोकरीची टोपी घातल्यागत धूळ, आक्काच्या उदबत्तीची राख, आणि झुरळाचं एक कुटुंब. बिचाऱ्याला श्वासच घेता येत नव्हता. ट्रक सुटल्यापासून मी पंपाच्या मोटारींत तार भरणारा माणूस, कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही. पण तापलेलं यंत्र ते तापलेलंच, मग ते पाणी उपसणारं असो की चित्र काढणारं. रंगाच्या ब्रशनं सगळं झाडलं. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खपली झाली होती, ती खरवडून नवी लावली. निपाणीत स्टँडाजवळ एकजण जुने सुटे भाग विकतो, त्याच्याकडनं रॅमच्या पट्ट्या आणल्या. चार जीबीची सोळा झाली. जुनी डिस्क कुरकुरत होती, तिच्या जागी एसएसडी घातली. सगळं पाच हजारांत बसलं. राहिलेले दहा तुमच्यापाशीच असू द्यात.

कार्डाला मी हात लावलेला नाही. ते तसं म्हातारं आहे, पण कामसू आहे. टायर बदलायच्या आधी हवा बघ, हे तुमचंच सांगणं. अडखळणं गेलंय, मी स्वतः दोनदा घाट चढून उतरून बघितला.

पार्किंगचं म्हणाल तर माझ्या चाकावरचं बटण अडकलंय. दाबलं की दबूनच राहतं. आता एवढ्यासाठी नवं चाक कोण घेणार? आणि बैलगाडीच्या चालीचं म्हणाल तर माझंही वय झालं की.

तुमच्या पत्रातल्या ओळी घाट चढल्यागत वर गेल्यात. कागद तिरका ठेवला होता का?

लग्नाला मी आदल्या दिवशी हिंडलग्याला येतो आणि कार मीच चालवतो, असं केलं तर? नुसतं विचारलं. तुम्ही आमच्यावर जो जीव लावता तो असाच लावत राहा.

तुमचा भरमू

---

॥ श्री ॥

हिंडलगा,
ता. १४ डिसेंबर २०२४

चि. भरमूस अनेक आशीर्वाद.

वि. वि. यंत्र मिळालं. खोटं कशाला बोलू, चालतंय झकास. चढाला आता लोण्यागत जातं. पहिल्या दिवशी तर मला तुझं कौतुक करायची पाळी आली होती, पण रुक्मा समोर होती म्हणून आवरलं.

पण दिव्यांची कडी तशीच. पट्ट्या तशाच. काल टोलनाक्याचा खांब मला दिसलाच नाही, सरळ जाऊन आदळलो. तू पुढनं सहीसलामत गेलास आणि मी उभा. मारुतीरावानं तीस वर्षांत तंबाखूचं एक पोतं वाटेत सांडलं नाही, आणि ह्या भंगार कार्डापायी खांबाला गाडी लावावी? बास झालं. भावकूबरोबर डबा परत पाठवतोय, ह्यावेळी स्क्रीनसुद्धा. दहा हजार जुन्या पाकिटात आहेत. कार्ड बदल. बदलू नको असं लिहू नको.

सगळाच माल हलका झालाय म्हण. पेपरची छपाई बघ, देवळातली ट्यूब बघ. कशात म्हणून दम राहिला नाही.

काल कार बाहेर काढली. चौकापर्यंत एक फेरी मारली. हात विसरलेले नाहीत. परत आत घालताना आरसा शेडाच्या खांबाला थोडा घासला. शेड ओमकारनं अरुंद बांधलंय. हे तुझ्या आक्काला कळवू नको.

आणि लग्नाला कार मीच चालवणार. नुसतं विचारलंस म्हणून नुसतं सांगितलं.

पत्राचं उत्तर लवकर दे, म्हणजे राग कमी येईल.

मारुतीराव

---

॥ श्री ॥

बोरगाव,
ता. १९ डिसेंबर २०२४

ति. दाजींना भरमूचा साष्टांग नमस्कार.

वि. वि. चार कागद फाडून हा पाचवा लिहितोय. मंगल म्हणाली की बारावीच्या परीक्षेलासुद्धा एवढा कागद लागत नाही.

तुमचा डबा, तुमचा स्क्रीन, तुमची वायर, सगळं माझ्या टेबलावर जसंच्या तसं जोडलं. तुमचं जुनं कार्डही तेच. अंधारातला घाट लावला. समोरनं गाड्या आल्या. दाजी, दिव्याला कडं नाही. पट्टी एकच आहे. मला वाटलं, आपल्या मनाचे खेळ नकोत, म्हणून मंगलला बोलावलं. तिनं चष्मा न लावता, दारात उभं राहून, पाटीवरचं गावाचं नाव वाचलं. इंग्रजीत होतं तरी वाचलं.

कार्ड बदललेलं नाही. दहा हजार त्याच पाकिटात परत आहेत.

आता एक काम सांगतो, रागावू नका. कॉम्प्युटर जोडूच नका. दिवेलागणीला अंगणात खुर्ची टाकून बसा. तुमच्या अंगणातनं हिंडलगा जेलच्या भिंतीवरचे दिवे दिसतात. त्या दिव्यांना कडं दिसतंय का, तेवढं बघा. एक डोळा झाकून बघा, मग दुसरा. नसेल दिसत, तर मी चुकलो. नवं कार्ड माझ्या पैशानं आणतो आणि वर तुमच्या चार शिव्या खातो. पण दिसत असेल, तर दाजी, जेलला ग्राफिक कार्ड कुठनं बसवायचं?

आंबोलीच्या घाटातली ती सकाळ आठवते का? धुकं एवढं की मला बॉनेट दिसेना. मागं माल पोचवायची घाई, शेठचा दम. तुम्ही गाडी कडेला घेतली, चूल पेटवायला सांगितली आणि म्हणालात की दिसत नसताना थांबलेल्या ड्रायव्हरला कोण हसत नाही, चालवलेल्याला रडतात. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. ते डोक्यात बसलं म्हणून आज लिहायचं धाडस करतोय.

तुमच्या शेजारच्या सीटवर माझी आक्का बसणार आहे. मला दुसरी आक्का नाही, दुसरे दाजीही नाहीत.

लिहिण्यात कमीजास्त झालं असेल तर क्लीनरची चूक म्हणून पोटात घाला.

भरमू

---

॥ श्री ॥

हिंडलगा,
ता. ६ जानेवारी २०२५

चि. भरमूस रुक्माक्काचे अनेक आशीर्वाद. मंगलला आशीर्वाद सांग.

वि. वि. मला तुमच्या मशीनीतलं काय बी कळत न्हाय. पण तू पत्र लिहिलंस त्यानंतर घरात काय झालं ते कळवते, कारण ह्ये कळवायचे न्हाईत.

पत्र आलं त्या दिवशी ह्यांनी ते तीनदा वाचलं. खिडकीपाशी, मग दारात, मग भिंग घेऊन. घडी करून खिशात घातलं. भावकूनं मशीनीची पेटी कुठं ठेवू म्हणून विचारलं तर त्याच्यावरच खेकसले. पेटी आठ दिवस पोत्याखाली होती. संध्याकाळचे सहा वाजले की ह्ये उठून घड्याळाकडं बघायचे आणि परत बसायचे. मला लई वाईट वाटायचं, पण बोलायची सोय नव्हती.

मग एक दिवस दिवेलागणीला अंगणात खुर्ची टाकली. जेलचे दिवे लागले. ह्ये एक डोळा झाकायचे, मग दुसरा. मला वाटलं आतल्या कुणाला खुणा करतायत की काय. मग मला हाक मारली आणि विचारलं की त्या दिव्याभोवती तुला काय दिसतं. मी म्हटलं, किडे. म्हणाले, आणिक? मी म्हटलं, दिव्याभोवती आणिक काय असणार. माझ्या भाकऱ्या झाल्या तरी तिथंच बसलेले.

सकाळी चहाला डबा उघडला तर पत्तीत मोटारीची किल्ली. मी ती पदराला बांधली. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले की शनिवारी डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं, तू संगं चल.

परवा जाऊन आलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पार पिकलाय, डावा निम्मा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं की आजोबा, गाडी बिडी चालवता का. तर ह्ये म्हणाले की रोज संध्याकाळी सहाला, सोळा चाकी. बाईंच्या हातातली बॅटरीच खाली पडली. १७ तारखेला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन हाय. लग्नापर्यंत बघता येईल, पण मोटार एवढ्यात न्हाय म्हणाल्या. तवा तू आदल्या दिवशी ये.

तुझ्यावर रागावलेत असं समजू नको. ते पत्र अजून खिशातच हाय. शर्ट बदलला की पत्र त्या शर्टात जातं.

मोटारीचा आरसा घासलाय, ते मला त्याच दिवशी दिसलं होतं. दोघांनी मिळून लपवलंत. भेटल्यावर बोलते.

जीव लावून असा, आणि येताना निपाणीची सुकी मिरची आण.

रुक्माक्का

---

॥ श्री ॥

हिंडलगा,
ता. २६ फेब्रुवारी २०२५

चि. भरमूस मारुतीरावाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. हे पत्र बॉलपेननं लिहितोय. शाई पुन्हा चांगली भरायला लागलेत. ओळी मोजून बघ, एक जरी घाट चढली असेल तर सांग.

लग्न छान झालं. आरोही सासरी रमली, काल फोन होता. नंदगडला मांडवापाशी तू गाडी मागं घेत होतास आणि मी खाली उतरून आने दो, आने दो करत होतो, ते व्याह्यांनी मोबाइलवर काढलंय. जन्मभर तू माझा क्लीनर, त्या दिवशी मी तुझा झालो. काम सोपं नाही रं. पाय दुखतात आणि ड्रायव्हर ऐकत नाही.

परवा कॉम्प्युटर परत जोडला. तेच यंत्र, तेच जुनं कार्ड. चालू केलं आणि मी बघतच बसलो. दगडाच्या फटीत गवत होतं भरमू, आणि ते वाऱ्यानं हलत होतं. एवढे दिवस मला तो नुसता हिरवा डाग वाटायचा. तुझ्या गाडीच्या मागं आपल्या जुन्या ट्रकचाच नंबर लावलायस, तेही आत्ताच दिसलं. उगाच शिव्या घातल्या मी त्या कार्डाला. त्याचे दहा हजार डॉक्टर, औषध आणि चष्म्यात गेले, आणि डावा डोळा एप्रिलात आहे. आता नवं कार्ड नको. चालतंय तोवर चालू दे.

पण मी हे पत्र वेगळ्याच कारणासाठी लिहितोय. लग्न उरकल्यावर आम्ही तुझ्याकडं दोन दिवस राहिलो, तेव्हा एका सकाळी तू आंघोळीला गेलतास. मंगल आणि रुक्मा स्वयंपाकघरात होत्या. मी सहज तुझ्या टेबलापाशी बसलो, खेळ चालू केला आणि चाकावर हात ठेवला. तुझं ते अडकलेलं बटण दिसलं. म्हटलं, जाताजाता दुरुस्त करून देऊ. दाबलं, दिवे लागले. दाबलं, गेले. परत दाबलं, परत लागले. दहा वेळा दाबून बघितलं मी. टक्-टक् नव्यागत चालतंय.

मग बसल्याबसल्या मागं मोजलं. तू पार्किंग लावून पुढं चालायला लागलास ते गणपतीपासून. मी यंत्र बिघडलंय म्हणून तुला पहिलं पत्र लिहिलं ते दिवाळी होऊन गेल्यावर. म्हणजे माझी गाडी पट्टी सोडतेय, हे तुला मागच्या आरशात माझ्या आधी दोन महिने दिसलं होतं. आणि तू काही न बोलता दिवे लावलेस, चाल कमी केलीस, आणि रोज सहा वाजता मला मागं घेऊन गेलास. वरातीची गाडी म्हणून मी हसलो ते ऐकून घेतलंस. आधी बोलला असतास तर मी ऐकलं नसतं, हे खरं आहे. त्या लुकलुकीशिवाय मला रस्ता दिसत नव्हता, हेही खरं आहे. तू आंघोळीहून आलास तेव्हा मी बाहेर जाऊन कारची काच पुसत होतो. रुक्मा म्हणाली की लग्नात लई धूळ बसली असेल. मी व्हय म्हटलं.

तर आता पार्किंग बंद कर. उद्या सहाला पुढं मी राहीन, तू माझ्या मागनं ये. तू माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहेस. तुझाही डोळा कधीतरी पिकेल. त्या दिवसापासून माझं बटण अडकलेलं असेल.

आक्काचा आणि माझा जीव तुम्हा दोघांत आहे.

मारुतीराव